सुयांच्या डब्यातले देव

त्या वर्षांत माझ्या दाराशी कुणी धावत आलं, की समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी दोन प्रश्न विचारायची. काय पिलं? बाटली आणली का? बाटली महत्त्वाची असे. कापसावर फवारायची औषधं नाना तऱ्हेची होती आणि त्यातलं कोणतं पोटात गेलं हे कळलं, तर पुढच्या डॉक्टरांचा वेळ वाचायचा. मी केळापूर तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर नर्स होते. माझं खरं काम लसी टोचायचं आणि बाळंतिणी तपासायचं. पण कापसाची ती वर्षंच तशी होती. एक हंगाम अळीनं खाल्ला, दुसरा पावसानं, तिसऱ्यात बोंडं चांगली भरली तर भाव पडला. फवारणीच्या बाटल्या गोठ्याच्या कोनाड्यात, खाटेखाली, कुठं कुठं तर चुलीमागं ठेवलेल्या असत. कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की माझी नजर आधी तिकडं जायची.

माझा नाण्यांचा छंदही त्याच वर्षांतला. तो लागला तोही नोकरीमुळंच.

आमच्या भागात लहान लेकराच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं नाणं बांधतात. नजर लागू नये, दात सुखानं यावेत म्हणून. नाणं जितकं जुनं तितकं गुणकारी, असा समज. आजीच्या गळ्यातलं आईच्या, आईच्या गळ्यातलं लेकराच्या, असं ते चालत येतं. दोरा जीर्ण झाला की तुटतो आणि रांगतं लेकरू पहिल्यांदा ते नाणं तोंडात घालतं. म्हणून लसीकरणाच्या दिवशी मी प्रत्येक आईला सांगायची, "हे काढ बाई. घशात अडकलं तं पळता भुई थोडी होईल." बहुतेक जणी मान हलवायच्या आणि पुढच्या महिन्यात नाणं तिथंच असायचं. एकीनं मात्र ऐकलं. कात्रीनं दोरा कापला आणि नाणं माझ्याच हातात ठेवलं. म्हणाली, "तुमीच घेऊन जा. घरात राह्यलं तं सासू पुन्हा बांधते."

घरी येऊन मी ते राखेनं हलकंच पुसलं. हिरवट काळं, जाडजूड काशाचं नाणं. एका बाजूला उभा पुरुष आणि त्याच्या मागं बैल. मला वाटलं कुणी शेतकरीच असेल. पुढं यवतमाळला मीटिंगसाठी गेले तेव्हा एका मैत्रिणीनं तिच्या ओळखीच्या सरांकडं नेलं. कॉलेजात इतिहास शिकवून ते निवृत्त झाले होते. त्यांनी नाणं खिडकीजवळ नेलं, भिंगातून पाहिलं, उलटं करून पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "हा महादेव आहे, आणि हा त्याचा नंदी. कुशाणांच्या काळातलं नाणं. अठराशे-एकोणीसशे वर्षं तरी झाली असतील. कुठं मिळालं?"

"लेकराच्या गळ्यात," मी म्हटलं.

ते बराच वेळ हसत राहिले.

मग मला नादच लागला. दोरा तोडायला तयार झालेल्या बाया नाणी मला देऊ लागल्या. पांढरकवड्याच्या बाजारात जुनी भांडी मोडीत घेणारा एक म्हातारा होता, तोही जुनी नाणी माझ्यासाठी बाजूला काढून ठेवायचा. सरांनी मला बजावून ठेवलं होतं, की जमिनीत हंडा सापडल्याचं कानावर आलं तर ते नाणं घ्यायचं नाही, तहसीलला कळवायचं. तसं कधी झालं नाही. माझी नाणी सुटी सुटी, इकडून तिकडून आलेली. एकावर वाऱ्याचा देव होता. पळत निघालेला, अंगावरचं वस्त्र डोक्यामागं फुगलेलं. एकावर डोक्यामागं चंद्रकोर असलेला देव. दोन नाण्यांवर लक्ष्मी होती, कमळावर उभी आणि दोन्ही बाजूंनी दोन हत्ती तिच्या डोक्यावर पाणी ओतताहेत. दोन्ही नाणी अगदी लहान, चिंचोक्याएवढी. त्यातली एक काशाची, हिरवी. दुसरी करड्या रंगाची. ती सरांनी हातात घेऊन नुसती तोलली आणि म्हणाले, "हे शिसं आहे. ही हाताळली की साबणानं हात धुवायचे. शिसं विषारी."

काचेच्या पिचकाऱ्या आणि सुया उकळायचा एक जुना स्टीलचा डबा उपकेंद्रात पडून होता. एकदा वापरून टाकून द्यायच्या सुया आल्यापासून त्याला कुणी विचारत नव्हतं. मी त्यात कापसाच्या घड्या घालून त्यावर नाणी मांडायची आणि डबा ट्रंकेत, साड्यांच्या तळाशी ठेवायची.

तळाशी ठेवायची, कारण घरात बाबा होते.

आई गेल्यावर मी बाबांना माझ्याकडं आणलं. उपकेंद्राच्या मागं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं, त्यात आम्ही दोघं राहायचो. माझं लग्न जमलं नाही ते नाहीच. बाबांचं सगळं आयुष्य जिनिंगमध्ये गेलं होतं. गाडीतला कापूस चिमटीत धरून, ओढून त्याची प्रत सांगायची, हे त्यांचं काम. आमचं घर धर्मांतराच्या वेळी बौद्ध झालेलं. तेव्हा बाबा पंधरा-सोळा वर्षांचे होते. आजोबांनी देव्हारा मोडला आणि देव फडक्यात बांधून नदीत सोडले, एवढं मला ठाऊक होतं. त्याबद्दल बाबा जास्त बोलत नसत. पण आमच्या घरात कॅलेंडरसुद्धा देवाच्या चित्राचं चालत नसे. शेजारीण एकदा संक्रांतीचं वाण म्हणून देवीचं चित्र असलेली ताटली देऊन गेली होती. बाबांनी ती काही न बोलता पालथी करून ठेवली. अशा माणसाच्या घरात मी महादेव, लक्ष्मी, वारा आणि चंद्र आणून ठेवले होते. चोरी केल्यासारखं वाटायचं. पाच वर्षं मी ते ओझं डोक्यावर घेऊन वागले. बाबा शेजारी गप्पा मारायला गेले की मी ट्रंक उघडायची आणि त्यांच्या चपलांचा आवाज आला की बंद करायची.

शेजारचं घर एका शेतकरी जोडप्याचं. कापूस आणि तुरीचं त्यांचं शेत गावाला लागूनच होतं. त्यांना दोन वर्षांची मुलगी होती. वेचणीच्या दिवसांत आई तिला बाबांपाशी सोडून शेतात जायची. पोरगी बाबांना आबा म्हणायची आणि त्यांच्या सदऱ्याची बटणं सोडवत तासन् तास बसायची.

त्या दिवशी मी तीन-चार किलोमीटरवरच्या पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, लसीकरणाला गेले होते. झाडाखाली टेबल मांडलं होतं आणि बाया रांगेत बसल्या होत्या. अकराचा सुमार असेल. आमच्या गावचा कोतवाल सायकल दामटत आला. उतरला तोच म्हणाला, "बाई, चला लवकर. तुमच्या शेजारची पोट्टी हाये ना, तिनं काईतरी गिळलं म्हंते. तुमच्याच घरी."

"काय गिळलं? बाटली पाहिली का?"

"काई समजून नाई राह्यलं. आबाजीले बोलताच येऊन नाई राह्यलं. नुसते हात हालवून राह्यले."

मी लसीचा डबा अंगणवाडीच्या बाईंच्या हवाली केला आणि कोतवालाच्या मागं कॅरिअरवर बसले. रस्ता कापसाच्या वावरांतून जात होता. दोन्हीकडं वेचणी चालू होती. ओळखीच्या बाया मान वर करून विचारत होत्या, "काय झालं वं बाई?" मी उत्तर देत नव्हते. माझ्या डोळ्यांपुढं शेजारच्यांची मागची भिंत होती. त्या भिंतीशी फवारणीचा पंप वाळत ठेवलेला असे आणि त्याच्या बाजूला, लेकराच्या हाताला सहज येईल अशी, निळ्या झाकणाची बाटली. मी पोरीच्या आईला दोनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा सांगायचं राहून गेलं होतं. सायकल दगडावरून उडाली की मी मनात औषधांची नावं म्हणत होते आणि कशावर काय करायचं ते आठवत होते. दोन वर्षांच्या लेकराला उलटी व्हावी म्हणून मिठाचं पाणी द्यायचं नाही, हेही.

घर आलं तेव्हा बाबा ओट्यावर बसलेले दिसले. पोरगी त्यांच्या मांडीवर होती आणि ते तिची पाठ थोपटत होते. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. पोरगी मात्र त्यांच्या बटणाशी खेळत होती. मी आधी तिच्या तोंडाला नाक लावलं. औषधाचा वास नव्हता. गुळाचा आणि शेंगदाण्यांचा वास होता. डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या. ठीक होत्या. लाळ गळत नव्हती. श्वास नीट चालला होता.

"बाबा, काय गिळलं?"

"नानं," ते कसेबसे म्हणाले.

"औषध नाही ना? नक्की?"

"नाई वं. नानं गिळलं तिनं. माह्या डोयासमोर."

मी तिथंच अंगणात मातीवर बसले आणि हसायला लागले. हसू आवरेचना. पोटात कळ येईपर्यंत हसले आणि डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं. तेवढ्यात पोरीची आई शेतातून पळत आली. कमरेला वेचणीची ओटी तशीच, कापसानं अर्धी भरलेली. मला हसताना पाहून ती दारातच थबकली.

"माह्या लेकराचा जीव चालला अन् तुमी हासून राह्यल्या, बाई?"

"अगं, नाणं गिळलंय फक्त," मी म्हणाले. "मला वाटलं, तुमच्या भिंतीजवळची बाटली."

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग स्वतःच्या भिंतीकडं पाहिलं. तीही माझ्या शेजारी खाली बसली आणि ओटीतला कापूस मातीवर सांडला तरी तिनं तो उचलला नाही.

नाणं गिळलं म्हणजेही सगळं संपलं असं नव्हतं. पोटात गेलं असेल तर ठीक, अन्ननलिकेत अडकलं असेल तर काढावं लागतं. एक्स-रे फोटो काढणं भाग होतं. सडकेवर पांढरकवड्याला जाणारी काळीपिवळी जीप थांबवली. आई आणि पोरगी पुढं ड्रायव्हरजवळ बसल्या, मी मागं. बाबा म्हणाले, "मी येतो." मी नको म्हटलं, तरी ते चढले.

निम्मा रस्ता ते बाहेर पाहत होते. मग माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, "रुपया नाई वं तो."

"मग?"

"तुह्या डब्यातलं हाये. सुयाच्या डब्यातलं."

एकाच वेळी दोन गोष्टी कळल्या होत्या. बाबांना डबा ठाऊक होता. आणि त्या लेकराच्या पोटात माझं नाणं होतं. गावोगाव हिंडून मी ज्या गोष्टीबद्दल बजावत होते तीच माझ्या घरात घडली होती. पण यातलं काहीच मनात ठरेना, कारण त्याच्या मागोमाग तिसरी गोष्ट आठवली. शिसं.

"कोणतं नाणं, बाबा?"

"बाईवालं. कमयावर उभी हाये थे. हत्ती पानी टाकून राह्यले."

"तशी दोन आहेत. एक हिरवं आणि एक करडं. कोणतं?"

"हिरवं."

"नीट आठवा. करडं असेल तर ते शिशाचं आहे. पोटात राहिलं तर त्याचं विष होतं."

"हिरवं," ते म्हणाले. "करडं मी हातातच नाई घेत. हात काये होते त्यानं. हिरव्यावर डाव्या हत्तीची सोंड घासून गेली हाये, अन् कडेले एक बारीक चीर हाये. थेच होतं."

पाच वर्षं ते नाणं माझ्याकडं होतं. कडेची चीर मी कधी पाहिली नव्हती.

दवाखान्यात गर्दी होती, पण लहान मूल पाहून आम्हाला आधी आत घेतलं. फोटो ओला असतानाच डॉक्टरांनी खिडकीपुढं धरला. बरगड्यांच्या खाली डावीकडं एक पांढरा वाटोळा ठिपका, चंद्रासारखा स्वच्छ. "पोटात उतरलंय," ते म्हणाले. "छान झालं. लहान दिसतंय. पन्नास पैसे का?"

"नाही सर," मी म्हटलं. "जुनं नाणं आहे. खूप जुनं. दोन हजार वर्षांपूर्वीचं असेल."

डॉक्टर माझ्याकडं पाहत राहिले. पोरीची आई माझ्या मागंच उभी होती. ती घाबरून म्हणाली, "दोन हजार वर्साचं? खराब झालं असन मंग थे!"

डॉक्टर तोंडावर हात ठेवून खोकले. मग गंभीर झाले. "धातू कोणता?"

मी दोन्ही लक्ष्म्यांचं सांगितलं. एक काशाची, एक शिशाची. फोटोत दोन्ही सारख्याच दिसणार. डॉक्टर म्हणाले, शिसं असेल तर थांबता येणार नाही, आजच्या आज यवतमाळला किंवा नागपूरला नेऊन दुर्बिणीनं काढावं लागेल. भूल द्यावी लागेल. कासं असेल तर तीन-चार दिवस वाट पाहू, आपोआप पडेल. "कोण सांगणार कोणतं ते?"

"मी सांगतो," बाबा म्हणाले. "काशाचं हाये."

"नक्की का, आजोबा?"

"चाळीस वर्सं कापूस पाह्यला साहेब. धाग्यातला फरक चिमटीत कयते मले. शिशातला अन् काशातला नाई कयनार?"

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी पोरीच्या आईकडं पाहिलं. ती बाबांकडं पाहत होती. "आबाजी म्हंते तं तसंच असन," ती म्हणाली. "घरी नेतो आमी."

घरी पोचल्याबरोबर मी ट्रंक उघडली. साड्यांखालून डबा काढला. झाकण निघेना. बाबांनी माझ्या हातातून डबा घेतला, अंगठ्यानं झाकण दाबून एका झटक्यात उघडला. त्यांना त्या झाकणाची सवय होती हे तेवढ्यावरूनच कळलं. करडी लक्ष्मी कोपऱ्यात कापसाच्या घडीवर होती. हिरवी नव्हती. मी धावत शेजारी जाऊन ओट्यावरूनच ओरडले, "काशाचं आहे! काशाचंच आहे!" आतून तिचा आवाज आला, "मंग आबाजीनं सांगतलंच होतं ना बाई!"

परत आले तर बाबा खाटेवर डबा मांडीवर घेऊन बसले होते. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. 

"केव्हापासून माहीत आहे तुम्हाला?" मी विचारलं.

"तीन वर्स झाले. ट्रंकेत मफलर पाहून राह्यलतो, तं डबा लागला हाताले. तू डूटीवर गेली का काढून पाहो मी. आजबी काढला होता, तं पोट्टीनं नानं उचलून तोंडात टाकलं."

"मग बोलला का नाही?"

"तू लपवून ठेवलं. म्हटलं, आपुनबी लपूनच पाहावं."

मला हसू आलं, पण ते हसत नव्हते. त्यांनी वाऱ्याच्या देवाचं नाणं उचलून उजेडाला धरलं. "तू हात जोडते का ह्याहिले?"

"नाही बाबा."

"दिवा-गिवा? नवस?"

"काहीच नाही. नुसती पाहते. कुणी घडवलं असेल, एवढ्याशा जागेत हत्ती कसा बसवला असेल, ते पाहते."

"मंग लपवलं काहून?"

उत्तर होतं, पण ते देताना मी लहान मुलीसारखी अडखळले. म्हणाले, "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. आजोबांनी देव नदीत सोडले. आणि मी पुन्हा घरात आणले."

त्यांनी नाणं परत कापसावर ठेवलं. मग जे कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. देव सोडायला आजोबांबरोबर तेच गेले होते. फडकं त्यांच्याच हातात होतं. त्यात तांब्याचे चार टाक होते, देवांच्या आकृती उठवलेले पत्रे. आजोबा म्हणाले, उघडून पाहू नको, सोड. बाबांनी वाटेत उघडून पाहिलंच. एका टाकावर घोडेस्वार होता, आणि घोड्याची शेपूट इतकी नीट कोरली होती की केस न् केस मोजावा. "सोडलं मी," ते म्हणाले. "सोडाचंच होतं. त्या देवाइनं आमाले देवळाच्या पायरीले हात नाई लावू देल्ला. त्याचं दुःख नाई मले, आजबी नाई. पण थे शेपूट कोनीतरी कोरली होती ना वं. त्या मानसाचं काय चुकलं होतं? थे मले लय दिवस टोचत राह्यलं. तुह्या डब्यात हत्ती पाह्यला तवा बरं वाटलं."

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. पाच वर्षांचं ओझं उतरलं होतं, आणि ते त्यांच्याही डोक्यावर होतं हे मला त्या दुपारपर्यंत ठाऊक नव्हतं.

मग वाट पाहणं सुरू झालं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, नेहमीचं जेवण द्या, केळी द्या, आणि शी तपासा. ते काम पोरीच्या आईनं काडी घेऊन नेटानं केलं. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. मी सकाळ-संध्याकाळ पोरीचं पोट दाबून पाहत होते. ती गुदगुल्या होतात म्हणून खिदळायची. बाबांनी त्या दोन दिवसांत पोटभर खाल्लं नाही. "हिरवंच होतं ना?" असं मी विचारायची नाही, पण ते आपणहून सांगायचे, "हिरवंच होतं."

तिसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास ती दारात आली. हातात स्टीलचं झाकण, त्यावर पळसाचं पान आणि पानावर नाणं. तिनं ते तीनदा साबणानं धुतलं होतं. एवढंच नव्हे, वर हळद-कुंकूही लावलं होतं.

"घ्या बाई, तुमची लक्ष्मी," ती म्हणाली. मग बाबांकडं पाहून जीभ चावली. "चुकलं आबाजी. तुमच्या घरात नाई चालत ना कुंकू. माह्या पोट्टीच्या पोटातून सुखरूप आली, म्हून लावलं."

बाबा उठले, पान हातात घेतलं आणि म्हणाले, "राहू दे. तुही लेक वाचली. तुले जे वाटलं थे केलं तू." मग नाणं डोळ्यांजवळ नेऊन ओरडले, "अरे! सोंड दिसून राह्यली वं!"

खरंच दिसत होती. पोटातल्या आंबटानं शतकांचा हिरवा थर खाऊन टाकला होता. नाणं तांबूस, लखलखीत झालं होतं. डाव्या हत्तीची घासलेली वाटणारी सोंड खरं म्हणजे घासलेली नव्हतीच, मळाखाली झाकलेली होती. लक्ष्मीच्या कमरेवरचा पट्टासुद्धा दिसत होता. आम्ही तिघं त्या झाकणावर डोकी लावून उभे होतो आणि पोरगी आईच्या लुगड्याला धरून "मले, मले" करत होती.

"नाही," तिघंही एकदम म्हणालो.

मी तिला खाली बसवून चहा दिला आणि मनातलं बोलून टाकलं. चूक माझी होती. इतरांना शिकवत हिंडले आणि माझाच डबा उघडा राहिला. ती म्हणाली, "तुमचं नानं तरी खाली पडलं बाई. माही बाटली पडली नसती." तिनं चहा तसाच ठेवला, घरी गेली, निळ्या झाकणाची बाटली आणि आणखी दोन बाटल्या घेऊन आली आणि माझ्या ओट्यावर ठेवल्या. म्हणाली, "मालक आले का सांगतो. घरात नाई पाह्यजे मले हे." तिच्या नवऱ्यानं आठवड्याभरात वावरातल्या खोपीत एक लाकडी पेटी ठोकली आणि तिला कुलूप घातलं. पुढं गावातल्या आणखी चार-पाच घरांनी तसं केलं. सगळ्यांनी नाही केलं. पण ज्या घरांत केलं, त्या घरांपुरतं माझं मन हलकं झालं. मीही डब्याला कुलूप लावलं. चावी बाबांकडं.

पुढच्या महिन्यात यवतमाळला मीटिंग होती. बाबा म्हणाले, "तुह्या त्या सरले भेटतो मी." मी डबा पिशवीत घातला आणि दोघं एसटीनं गेलो. सरांना मी सगळी हकीकत सांगितली. ते आधी रागावले. जुनं नाणं कधीही आम्लानं साफ करायचं नसतं, असं ते मला पूर्वी किती वेळा बोलले होते. मग नाणं भिंगाखाली घेतलं आणि कडेकडेनं फिरवत पाहिलं. म्हणाले, "कडेला अक्षरं आहेत. इतकी वर्षं झाकलेली होती." तीन अक्षरं लागत होती, चौथं अर्धं होतं. त्यांनी कागदावर ती काढून दाखवली. बाबा खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले. मी चहा करायला सरांच्या बायकोला मदत करत होते, तेवढ्यात बाहेरून दोघांचा वाद ऐकू आला. सर म्हणत होते, चौथं अक्षर असं असणार. बाबा म्हणत होते, साहेब, तुमी म्हंता तसं असतं तं ही रेघ खाली वळली असती, पाहा ना, वर चालली. बाबांना त्या लिपीतलं एक अक्षरही वाचता येत नव्हतं. सर भिंग पुसून पुन्हा पाहत होते.

परतीच्या बसला जागा मिळाली. बाबा खिडकीशी बसले. मोहद्यापर्यंत ते चौथ्या अक्षराबद्दल बोलत होते. मग डोकं माझ्या खांद्यावर टेकलं आणि त्यांना गाढ झोप लागली. पांढरकवडा आलं, गाडी रिकामी झाली, कंडक्टर दारातून हाका मारत होता, तरी ते उठेनात. शेवटी मी त्यांना हलवून उठवलं.